बारा हात, पण कुणाचे?

माझ्या नणंदेला उचलायला एकशे अठरा माणसं लागली. टोमणा नाही मारत हो, मोजून सांगतेय, कारण त्यांच्या कॉफीचे पेले मीच मोजले. नणंदबाई मात्र आजही भर बाजारात छातीठोकपणे सांगतात की त्यांना कुणी बोटसुद्धा लावलं नाही. आता तुम्हीच ऐका आणि ठरवा, आमच्या दोघींत खरं कोण बोलतंय ते.

सुबैदा त्यांचं नाव. माझ्या नवऱ्याची, पल्लावाची, थोरली बहीण. मी त्यांना वन्सं म्हणते, गाव त्यांना बुरासावाली म्हणतं. नारळाच्या दुधात भात शिजवायचा, केळीच्या पानात बांधायचा आणि पुन्हा उकडायचा, की झाला बुरासा. घरोघरी होतो. पण वन्संचा बुरासा तिसऱ्या दिवशीही आंबत नाही, आणि असं का विचारलं तर म्हणतात, "भाताला माझी भीती वाटते." चाळीस वर्षं त्या बाजारात चिंचेखाली बसल्या. नवरा लाकूडतोडीच्या कामाला बोर्निओला गेला तो गेलाच. लोक म्हणाले, दुसरं लग्न कर. वन्सं म्हणाल्या, "एकाला फुकट जेवू घातलं ते पुरे झालं. आता जो जेवेल तो पैसे टाकून जेवेल."

माझा नवरा लहानपणी तापात सापडला आणि त्याचे पाय गेले. सात वर्षांचा होईपर्यंत पठ्ठ्या चालत नव्हता. आई नव्हती. वन्सं तेव्हा जेमतेम चौदा-पंधरा वर्षांच्या, पण डोक्यावर बुरासाची टोपली आणि कडेवर हे ध्यान घेऊन बाजाराला जायच्या. पुढे पाय सुधारले, लाकूडकाम शिकला. लाकूड तासायचा त्याचा पहिला वाकस वन्संनी घेऊन दिला आणि त्याने पहिलं घर बांधलं तेही वन्संचंच.

आमच्या बुगिस लोकांत घर ज्याचं, माप त्याचं. मालकाच्या कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचा हात मोजायचा आणि त्याच हाताने खांब, तुळया, दारं, सगळं मोजायचं. दुसऱ्याच्या मापाचं घर अंगाला लागत नाही म्हणतात. पल्लावाने वन्संच्या हाताएवढी बांबूची एक काठी तासली होती. घर बांधून तीस वर्षं झाली तरी ती काठी त्याच्या हत्यारांच्या पेटीत तळाशी असायची. मी एकदा तिने चुलीतले निखारे सारले तर दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. दोन दिवस शांतता होती, मला चाललं.

तर अशा या वन्संचा डावा पाय साखरेच्या दुखण्याने गुडघ्याखाली गेला. उजवं पाऊल बधिर, त्यामुळे कुबड्यांवरही भरवसा नाही. हॉस्पिटलातून आणलं तेव्हा गावातल्या चौघांनी त्यांना उचलून सात पायऱ्या चढवल्या. पाचव्या पायरीवर कमरेला गुंडाळलेला सारोंग खिळ्याला अडकला. ते चौघे आपले वर चालले, सारोंग खालीच राहिला, आणि समोर अर्धं गाव उभं! मी धावत जाऊन माझी ओढणी टाकली, पण जे दिसायचं ते दिसून गेलं होतं. वन्संनी घरात गेल्यावर दार लावून घेतलं आणि मला म्हणाल्या, "रमलाह, आता या दारातून मी बाहेर पडेन ती माझ्या स्वतःच्या हाताने. नाहीतर पांढऱ्या कापडात, चौघांच्या खांद्यावर. मधलं काही मला सांगू नकोस."

आणि बाईने ते पाळलं. सात महिने! खिडकीत बसून राहिल्या. ज्या बाईच्या तोंडाचा पट्टा बाजाराच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जायचा, ती भिंतीवरच्या पालीशी बोलायला लागली. मला फार वाईट वाटायचं. भांडायलासुद्धा मजा येईना.

त्यात बाजाराची भानगड. आमच्या बाजारात जागा कुणाच्या बापाची नसते, बसेल त्याची असते. आजारी माणसाची जागा बाजाराचा मुकादम बकरी ईदपर्यंत राखतो. ईदनंतरच्या पहिल्या रविवारी ती रिकामी दिसली, की गेली. आणि चिंचेखालच्या जागेवर डोळा होता नुर्सियाचा. ही सुकी मासळी विकते. सात महिन्यांत हिची टोपली दर बाजाराला जरा जरा सरकत चिंचेच्या मुळापाशी आली होती. वर आंबे घेऊन वन्संना भेटायला आली आणि म्हणते कशी, "तुम्ही आराम करा हो सुबैदाताई. जागेची अजिबात काळजी करू नका, मी आहे ना!"

"तीच तर काळजी आहे," वन्सं म्हणाल्या.

ती गेल्यावर मी म्हटलं, "वन्सं, फक्त रविवारपुरतं हो. आपली घरचीच माणसं उचलतील, मी सारोंग दोरीने बांधते."

"उचलून आणलेल्या बाईकडून लोक बुरासा घेतील गं. मुद्दाम दोन जास्तच घेतील. ते दोन मला पचायचे नाहीत. तसं जाण्यापेक्षा जागा गेलेली बरी." असं म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या. जागा गेली तर ही बाई त्या खिडकीतच संपणार, हे मलाही कळत होतं आणि त्यांनाही.

ईदला तीन आठवडे होते तेव्हा आरोग्य केंद्रातली नर्स चाकांची खुर्ची घेऊन आली. जाता जाता पल्लावाला म्हणाली, "दाराशी लाकडी रॅम्प बांधा. पण लक्षात ठेवा, एक हात उंचीला बारा हात लांबी, त्याहून उभा नको."

माझा नवरा हसला. "बाई, तू सुया टोच. लाकडातलं मला कळतं."

वन्संचं घर जमिनीपासून चार हात उंच. पुढचं अंगण पंधरा हात. माझ्या दीडशहाण्याने अंगण मोजलं आणि पंधरा हातांचा रॅम्प ठोकून मोकळा झाला. दिसायला काय देखणा! जुन्या होडीच्या फळ्या रंधा मारून गुळगुळीत केल्या. इतक्या गुळगुळीत की सरडासुद्धा घसरला असता. मी म्हटलं, "आधी एखादं तांदळाचं पोतं बसवून बघा."

"पोत्याला काय कळतं? मीच बसतो," म्हणाला आणि बसला खुर्चीत.

मी हात सोडला. खरं सांगते, ढकललं नाही, फक्त सोडला. खुर्ची सुटली ती अंगण, कोंबड्या, रस्ता, सगळं ओलांडून समोरच्या बदकांच्या तळ्यात! आधी "अल्लाऽऽ" असं ऐकू आलं, मग धप्प. बदकं कुठल्या कुठे उडाली. एक तर आमच्या छपरावर येऊन बसलं. नवरा कमरेइतक्या चिखलात उभा राहिला, डोक्यावरचं शेवाळ काढलं आणि म्हणाला, "अंगणालाच ढाळ आहे."

"हो तर! नाचता येईना, अंगण वाकडं!" मी म्हटलं.

आणि तेवढ्यात खिडकीतून आवाज आला. वन्सं हसत होत्या. सात महिन्यांनी! डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या, चौकटीवर थापा मारमारून हसल्या. आणि मग एकदम थांबल्या. "म्हणजे पल्लावा, मीसुद्धा अशीच जाणार का रे?" त्यांनी विचारलं. त्या दिवशी तो जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने नर्सचा हिशोब मुकाट्याने मांडला. चार हात उंची, म्हणजे अठ्ठेचाळीस हात रॅम्प. अंगण संपतं, रस्ता संपतो, बदकांचं तळं संपतं, आणि रॅम्प थेट मशिदीच्या हौदात उतरतो! मग म्हणाला, वळवून वळवून बांधू. मी म्हटलं, तेवढ्या फळ्यांत दुसरं घर उभं राहील, आणि आपल्याकडे होडी होती ती एकच. दोघंही डोकं धरून पायरीवर बसलो.

वर स्वयंपाकघराच्या खिडकीतून वन्सं मागे कालव्याकडे बघत होत्या. कालव्याचा बंधारा चांगला तीन हात उंच आहे आणि त्यावरून सिमेंटची वाट थेट बाजारात जाते. "मी रोज बघते," त्या म्हणाल्या, "बंधाऱ्यावरून चालणाऱ्यांच्या चपला माझ्या घरातल्या जमिनीच्या जरा खाली दिसतात. एक हात खाली, फार तर. त्या बंधाऱ्यावर का नाही रे उतरवत मला?"

"ताई, बंधारा इथून सत्तर हात लांब आहे."

"मग घर न्या की जवळ!"

उचलली जीभ लावली टाळ्याला, असं मी मनात म्हटलं. वर बघते तर नवरा उभा राहिलेला, तोंड उघडं, आणि पुढच्या क्षणी पळत सुटलेला.

आता घर हलवणं आमच्याकडे नवं नाही. खांब दगडांवर नुसते टेकलेले असतात. जमीन विकली, भाऊबंदकी झाली, की बांबू बांधायचे, गावाला हाक द्यायची आणि घर खांद्यावर घेऊन चालू लागायचं. पण एका बाईला बाजारात जायचंय म्हणून घर हलवल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. पल्लावा गेला तो साक्काआजोबांकडे. ऐंशी वर्षांचे आजोबा, गावात घराच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी विडी पेटवली, विझवली, पुन्हा पेटवली. म्हणाले, "घर भांडणासाठी हलवतो आपण. एकदा चांगल्या कामाला हलवून बघू. ईदनंतरचा शुक्रवार, नमाज झाल्यावर." म्हणजे बाजाराच्या बरोबर दोन दिवस आधी.

आजोबा रॅम्प बघायला आले आणि तिथे एक नवाच घोळ निघाला. या खेपेला पल्लावा शहाणा झाला होता. एक हात उंची, बारा हात लांबी, दोन्ही बाजूंना कठडे, आणि चाक घसरू नये म्हणून फळ्यांवर आडव्या पट्ट्या. मापही रीतीप्रमाणे वन्संच्या काठीने. आजोबांनी रॅम्पभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि विचारलं, "पायऱ्या किती?"

"आजोबा, रॅम्पला पायऱ्या नसतात."

"घराला चढायच्या पायऱ्या विषम असतात. पाच, सात, नऊ. तुझ्या पट्ट्या किती?"

बावीस! आजोबांनी नुसती मान हलवली. आणि घरात एक लाकूड शिल्लक नव्हतं हो, चिपळी नव्हती. एक पट्टी काढायला नवरा तयार नाही, ताई घसरेल म्हणे. इकडे तिकडे बघितलं, पेटी उपसली, आणि तळाची ती बांबूची काठी काढून सगळ्यात वरच्या टोकाला, दाराजवळ, ठोकून टाकली. झाल्या तेवीस. आजोबा खूश, नवरा खूश. आपण नेमकं काय ठोकून बसलोय हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही. माझ्या तरी कुठे आलं?

शुक्रवारी नमाज सुटला आणि माणसं यायला लागली. शेजारच्या दोन गावांतूनही आली. गाव करील ते राव काय करील म्हणतात ते खोटं नाही. खांबांना आडवे-उभे बांबू बांधले. भांडी, कपाट, टीव्ही, सगळं बाहेर काढलं. आम्ही बायका चुलीवर कॉफी, उकडलेली केळी आणि कोंबडीचा रस्सा करत होतो. पल्लावा बंधाऱ्याशी खांबांचे दगड मांडून आला होता. बंधाऱ्यापासून बारा हात, नेमके, असं दहा वेळा सांगत होता.

सगळं तयार झालं आणि आजोबांनी कर्ण्यातून विचारलं, "घर रिकामं का?"

"नाही!" वरून आवाज आला. वन्सं घराच्या मधल्या खांबाशी, ज्याला आम्ही घराची बेंबी म्हणतो, खुर्ची लावून बसल्या होत्या. चाकांखाली मुसळ अडकवलेलं.

"सुबैदा, खाली उतर. माणूस आत ठेवून घर हलवत नाहीत."

"उतरते की. कशी उतरू ते सांगा."

पायऱ्या काढून ठेवलेल्या. चौघांनी उचलायचं म्हटलं असतं तर बाईने मुसळ फेकून मारलं असतं, हे चौघांनाही माहीत होतं. आजोबांनी कर्णा खाली घेतला. मग म्हणाले, "सुटं सामान तेवढं काढायचं असतं. ही सुटी नाही, हट्टाने बांधलेली आहे. राहू दे." आणि हशा पिकला.

मग आजोबांनी आरोळी दिली. एक, दोन, हूंऽऽ! आणि घर उठलं.

काय सांगू तुम्हाला! मी कितीतरी घरं उचलताना पाहिली आहेत, पण खिडकीत माणूस बसलेलं घर पहिल्यांदाच पाहिलं. सुरुवातीला आतून एक किंकाळी आली. मग कळलं, ती किंकाळी नव्हती, बाई खिदळत होती! घर केळीच्या बागेतून डुलत निघालं, खाली दोनशे छत्तीस पाय आणि वर आमच्या वन्सं. "डावीकडे! डावीकडे घ्या मेल्यांनो, माझं शेवग्याचं झाड मोडेल! अरे मागच्यांनी जेवलं नाही का आज?" बाजारातला सगळा आवाज परत आला होता. नुर्सिया माझ्या शेजारी कॉफीचे पेले भरत उभी होती, तिला पाहून वन्संनी खिडकीतून हात हलवला. "काय नुर्सिया, बरी आहेस ना? मी जरा बाजाराजवळ राहायला येतेय!"

नुर्सियाने पेल्याबाहेर कॉफी ओतली.

पुढचं दार बंधाऱ्याकडे हवं, मागच्या दाराने बाजाराला जायला वन्सं थोड्याच तयार होणार, म्हणून घर केळीत अर्धं फिरवलं. फिरवता फिरवता सगळ्यांनाच चक्कर आली आणि एका बाजूचे लोक एकीकडे, दुसऱ्या बाजूचे दुसरीकडे ओढायला लागले. आजोबा कर्ण्यातून शिव्या देत होते, आणि कर्णा मशिदीचा होता. शेवटी घर नव्या दगडांवर टेकलं. गावाने टाळ्या वाजवल्या, मी पाटावर बसले आणि रडले. का रडले विचारू नका, आलं रडू.

माणसं रस्सा-भातावर बसली. आठ जणांनी रॅम्प आणला, बंधाऱ्यावर एक टोक टेकवलं आणि दुसरं दाराकडे नेलं. दार काही येईना! एक हात मोकळी जागा, नुसती हवा. वर दारात वन्सं खुर्चीत तयार, नवा सारोंग नेसलेल्या, आणि रॅम्पचं टोक त्यांच्यापासून हातभर लांब.

"बारा हात मोजलं होतं," माझा नवरा पुटपुटला. चेहरा पांढरा. "इथूनही बारा, तिथूनही बारा."

आजोबांनी विचारलं, "दगड कशाने मोजलेस?"

"हाताने. काठी सापडत नव्हती."

"कुणाच्या हाताने?"

पल्लावाने आपल्या हाताकडे बघितलं. मग सगळ्यांनी बघितलं. सुताराचा हात तो, वन्संच्या हातापेक्षा चांगला दोन बोटं लांब. बारा वेळा दोन बोटं, चोवीस बोटं, झाला की एक हात! आणि काठी कुठे होती? सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, रॅम्पवर तेविसावी पट्टी होऊन बसली होती. कप्पाळ माझं!

कुणीतरी म्हणालं, फळी जोडा. फळ्या संपल्या होत्या. कुणी म्हणालं, सोमवारी शहरातून आणू. वन्सं दारातून फक्त एवढंच म्हणाल्या, "बाजार रविवारी आहे." हळू म्हणाल्या. मगाशी खिदळणारी बाई ती, आवाज पार खोल गेला होता.

साक्काआजोबांनी बोटं चाटली, पानावरचा घास संपवला आणि उठले. "फळी शोधत कोण बसणार? घरच घ्या एक हात पुढे."

"कुणाचा हात?" एकशे अठरा जण एकदम ओरडले.

अहो, काय हसले लोक! तोंडात घास असलेल्यांचे हाल झाले. हसत हसत, रश्श्याच्या हातांनी, घर पुन्हा उचललं. हसण्यामुळे दोनदा उचललं आणि दोनदा तसंच ठेवलं. तिसऱ्यांदा आजोबांनी काठीवर बोट ठेवून माप दाखवलं आणि घर सुबैदाच्या एका हाताने पुढे सरकलं. रॅम्पचं टोक उंबऱ्याला असं चिकटलं की मध्ये नख जाईना.

"आता सगळे बाजूला," वन्सं म्हणाल्या. "हात कुणी लावायचा नाही."

मुसळ काढलं. चाकांवर हात ठेवले. चाक पहिल्या पट्टीवरून टक् करून उतरलं आणि कुणीतरी मोजलं, "एक!" दुसऱ्या पट्टीला दहा-वीस जण होते, पाचव्या पट्टीपासून सगळं गाव मोजत होतं. माझा नवरा तेवढा मोजत नव्हता. तो रॅम्पच्या खाली वाकून चालत होता, दोन्ही हात वर, फळ्यांच्या एक वीत खाली, रॅम्प मोडलाच तर झेलायला. तेवीस झाले आणि वन्सं बंधाऱ्यावर पोचल्या. थांबल्या. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. ऊन होतं, कालव्यातून पाणी चाललं होतं. मग मला म्हणाल्या, "रमलाह, तांदूळ भिजत घाल. पाच शेर. नको, सात घाल."

मी म्हटलं, "काय वन्सं, शेवटी घेतलंच ना गावाने उचलून?"

"मला? मला कुणी बोट लावलं? घर उचललं त्यांनी. मी आपली माझ्या घरात बसले होते."

रविवारी त्या निघाल्या. मांडीवर एक टोपली, मागे दोन टोपल्या घेऊन आम्ही नवरा-बायको. नुर्सियाची टोपली चिंचेच्या मुळाला टेकलेली. वन्सं समोर जाऊन थांबल्या. नुर्सियाने टोपली थोडी सरकवली.

"अजून," वन्सं म्हणाल्या.

अजून सरकली.

"अजून एक हात. माझ्या हाताने."

आता नुर्सियालाही हसू आवरेना. तिने टोपली उचलून जुन्या जागी नेऊन ठेवली आणि पहिला बुरासा तिनेच घेतला. दुपारपर्यंत सात शेर संपले. लोकांनी कीव नाही केली, उलट घासाघीस केली, आणि वन्सं प्रत्येकाशी भांडल्या. इतकं बरं वाटलं ऐकून!

परत येताना ऊन कलत होतं. बंधाऱ्यावरून रॅम्पवर चढायचं होतं. जाताना उतार तो येताना चढ; शुक्रवारी ताज्या हातांनी चढून गेल्या होत्या, पण बाजार करून आल्यावर तो किती भारी पडेल, हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. एक हातच चढ, पण दिवसभर चाकं ढकलून वन्संच्या दंडांत जोर उरला नव्हता. एकेक पट्टी करत गेल्या. बाविसाव्या पट्टीवर थांबल्या. पुढे तेवढी ती काठी, आणि मग उंबरा. चाक पुढे जाईना, मागेही येऊ देईनात. पाठमोऱ्या होत्या, पण मानेवरचा घाम मला दिसत होता.

पल्लावा त्यांच्या मागे पाऊलभर अंतरावर उभा होता. रिकाम्या टोपल्या खाली ठेवल्या. हात पुढे केला नाही.

"ताई," तो म्हणाला, "सात वर्षांचा होईपर्यंत कडेवर नेलंस मला बाजारात. सगळ्या गावासमोर. माझी अब्रू गेली का गं?"

"तू लहान होतास."

"आणि तू लहान नव्हतीस?"

वन्संनी चाकांवरची पकड घट्ट केली. मग मान न वळवता म्हणाल्या, "दोन बोटं. जास्त नाही."

त्याने दोन बोटं लावली. चाक काठीवरून टक् करून आत गेलं.

तेव्हापासून दर बाजाराला जातात स्वतःच्या हाताने आणि येताना त्या शेवटच्या पट्टीवर थांबतात. तो दोन बोटं लावतो, दोनच, मी मागून मोजते. एकशे अठरा माणसांवरून मी वन्संशी चारचौघांत रोज वाद घालते, अजून घालीन. त्या दोन बोटांबद्दल मात्र मी बाजारात चकार शब्द काढत नाही.